औक्षणाचा पाट

मंगल प्रसंग साजरे करण्याची हौस आपल्या समाजांत पूर्वीं कमी होती असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं. मूल जन्मास येण्याच्या आधीं डोहाळजेवण, जन्मल्यावर पांचवी-षष्ठीचें पूजन, बाराव्या दिवशीं बारसें, पुढें उष्टावण, जावळ, मुंज, विवाह, आणि दीर्घायुष्य लाभलें तर साठीची शांति व सहस्रचंद्रदर्शन, अशा रीतीनें आपल्या पूर्वजांनीं आयुष्याच्या वाटेवर ठिकठिकाणीं विसाव्याचे पार बांधून ठेविले आहेत. हल्लीं त्यांत परीक्षेचे निकाल, नोकरी, परदेशगमन, नवें घर, लग्नाचा रौप्यमहोत्सव अशी पुष्कळ भर पडली आहे. कार्यालय घेतलें जातें, छायाचित्रें निघतात, पंक्ती उठतात. या हौसेस नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आनंदाचे प्रसंग संसारांत मोजकेच येतात. ते आले असतां घरानें चार माणसें बोलवावीं व तोंड गोड करावें, हें योग्यच आहे. परंतु आमच्या वयाच्या माणसास अशा समारंभांत बसलें असतां एक प्रश्न सुचतो, तो वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे. औक्षणाच्या पाटावर कोण बसतें हें सर्वांस दिसतें. त्या पाटावर कधींच कोण बसत नाहीं, इकडे आपण पाहतों काय?

जुन्या विधींची यादी नीट पाहिली तर तिच्यांत एक मोठी समजूत भरलेली आढळते. उष्टावण मुलाचें सहाव्या-आठव्या अशा सम मासीं, मुलीचें पांचव्या-सातव्या अशा विषम मासीं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हां तरी बोरन्हाण. काळें झबलें, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरें, ऊसाचे तुकडे व चुरमुरे ओतले जात असतां तें वेंचावयास धांवणारीं शेजारचीं मुलें. आठव्या वर्षीं मुंज. वाढदिवस तिथीनें, त्या दिवशीं अभ्यंगस्नान, मार्कंडेयाचें व चिरंजीवांचें स्मरण, आणि तीळ व गूळ घातलेलें दूध. साठ वर्षें पुरीं झालीं म्हणजे प्रभवापासून क्षयापर्यंतचें साठ संवत्सरांचें चक्र एकदां फिरून जन्मसंवत्सराचें नांव पंचांगांत पुन्हां येतें, म्हणून साठीची शांति. यांपैकीं एकाही प्रसंगीं कोणाच्या कर्तृत्वाची परीक्षा नाहीं. मूल जगलें, वाढलें, एवढ्यानेंच तें पाटावर बसण्यास पात्र झालें. दांत येणें हा कोणाचा पराक्रम नव्हे. म्हणून शेजारच्या मुलाचा दांत आधीं आला तर आपल्या मुलाचें उष्टावण कोणी रद्द केलें नाहीं. आजचे बहुतेक समारंभ गुणांवर व पगारावर अवलंबून असतात. त्यांत पहिल्या आलेल्यास हार मिळतो. त्याच घरांतील दुसरें मूल, जें मोठ्या कष्टानें कसेंबसें पुढच्या इयत्तेंत गेलें, तें कोपऱ्यांत उभें राहून टाळ्या वाजवितें.

तथापि जुनें तेवढें सोनें असें म्हणूनही चालावयाचें नाहीं. या पारांवर सर्वांस सारखी सांवली नव्हती. स्त्रियांचे जातकर्मादि संस्कार करावे पण ते मंत्रावांचून करावे, असें मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. आमच्या गुरुजींनीं हा भाग शिकविला तेव्हां आम्हीं तो निमूटपणें पाठ केला. पुढें बृहदारण्यकोपनिषद् वाचण्याचा योग आला, तेव्हां त्याच्या शेवटच्या अध्यायांत आम्हांस असें आढळलें कीं, आपणांस पंडिता व पूर्णायुषी कन्या व्हावी अशी ज्याची इच्छा असेल, त्या दांपत्यानें तिळाचा भात शिजवून तुपासह सेवन करावा. टीकाकारांनीं तेथील पांडित्य हें गृहकृत्यांतील कौशल्य असें सांगून टाकिलें आहे, ही गोष्ट निराळी. मूळ ऋषीनें मात्र मुलीच्या विद्येची इच्छा धरण्यास संकोच केला नाहीं. मध्यंतरींच्या शतकांत ही इच्छा घराच्या उंबऱ्याबाहेर गेली.

ती परत आंत आणणें किती कठीण झालें, याचा दाखला श्रीमती रमाबाई रानडे यांच्या चरित्रांत मिळतो. १८७३ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्याशीं विवाह होऊन त्या सासरीं आल्या, तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीनें शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तें रुचलें नाहीं, व त्यांच्या वाचनाबद्दल त्यांस पुष्कळ बोलणीं खावीं लागलीं. हें सारें त्यांनीं कोणावरही राग न धरतां १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. पुढें पुण्याच्या सेवासदनाचा भार ज्यांनीं वाहिला, त्या बाईंनीं पहिलें पान अडखळत वाचलें त्या दिवशीं घरांत कोणी साखर वाटली नाहीं. 

दुसरा दाखला महर्षि कर्वे यांचा. त्यांचा जन्म १८५८ सालचा. सतराव्या वर्षीं सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्याकरितां ते कोंकणांतील मुरूडहून साताऱ्यास पायीं गेले. वाट शंभराहून अधिक मैलांची, घाटाची व रानाची. तेथें पोंचल्यावर परीक्षा घेणाऱ्या मंडळींनीं पाहिलें तों मुलगा अंगानें लहानखुरा. हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें ठरवून त्यांनीं त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. आला तसा तो परत गेला. ती परीक्षा पुढें दुसऱ्या खेपेस झाली, आणि मॅट्रिक तर १८८१ सालीं, म्हणजे तेविसाव्या वर्षीं. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न मिळालें, तो समारंभ सर्व देशानें पाहिला. पण आम्हांस विचाराल तर या चरित्रांतील पाट मांडण्याजोगा दिवस तो परीक्षेवांचून घरीं परतण्याचा होता. त्या दिवशीं मुलगा हरला असता, तर पुढचें कांहींच झालें नसतें.

येथवर थोरांच्या गोष्टी झाल्या. आतां आमच्या घरची एक सांगतों, कारण हा लेख खरें म्हणजे तिच्यामुळेंच लिहिला जात आहे.

आमचें घर वाईचें. वडील पोस्टांत नोकरीस होते. त्यांची बहीण, आमची आत्या, १९५३ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, वैधव्य येऊन माहेरीं आली व पुढें जन्मभर आमच्याच घरीं राहिली. तिला कोणी छळलें नाहीं. उपाशी ठेविलें नाहीं. आमची आई तिच्याशीं गोडीनें वागे. परंतु घरांत कांहीं मंगल निघालें कीं आत्या आपण होऊन मागच्या स्वयंपाकघरांत जाई. तिला कोणी जा म्हणत नसे, आणि ये असेंही म्हणत नसे.

१९७४ सालीं आम्ही मॅट्रिक झालों. ती जुन्या अकरावीची परीक्षा होती. अभ्यासाच्या दिवसांत पहाटें चारला उठवून चहा देणारी आत्याच. आम्हांस पुन्हां डोळा लागूं नये म्हणून ती भिंतीस टेकून वाती वळीत बसे. आम्ही संस्कृताचीं रूपें मोठ्यानें म्हणत असूं. महिना-दीड महिन्यांत तीं तिलाही येऊं लागलीं, आणि आम्ही चुकलों तर तिची वात वळणारी बोटें थांबत. निकाल लागला, पेढे आले, पाट मांडला, आईनें व शेजारच्या सुवासिनींनीं औक्षण केलें. निरांजन आत्यानें स्वयंपाकघराच्या दारांतून आईच्या हातीं दिलें. त्यांतली वात तिनेंच वळलेली होती. आम्हीं वडिलांस नमस्कार केला, आईस केला, देवास केला. आत्यास नमस्कार आम्हीं संध्याकाळीं केला, तोही आईनें आठवण दिली म्हणून. सोळा-सतरा वर्षांच्या पोरास इतकें भान नसतें, असें म्हणून आम्ही आमची समजूत घालूं शकूं; परंतु पुढें वर्षानुवर्षें शाळेंत मुलांस कृतज्ञतेवर निबंध लिहावयास सांगतांनाही आम्हांस ही गोष्ट स्मरली नाहीं, त्याची समजूत कशी घालावी हें कळत नाहीं.

२०१२ सालीं आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाची गोष्ट आमच्या पत्नीनें काढिली. हजार पौर्णिमा म्हणजे किती वर्षें हा हिशेब पुष्कळांस ठाऊक नसतो, म्हणून सांगतों. एक चांद्रमास सरासरीनें साडेएकोणतीस दिवसांहून किंचित् अधिक असतो. असे हजार मास म्हणजे सुमारें २९,५३० दिवस, अर्थात् ८० वर्षें व जवळ जवळ १० महिने. आत्यास आपली जन्मतिथि ठाऊक होती : १९३१ सालची कोजागरी दोन दिवसांवर आली असतां तिचा जन्म झाला. जन्मल्यावर दोनच दिवसांत पहिली पौर्णिमा पदरांत पडल्यामुळें हिशेब थोडा अलीकडे येत होता. आम्हीं मोजून पाहिलें, तों हजारावी पौर्णिमा नेमकी श्रावणांतली नारळी पौर्णिमा, २ ऑगस्ट २०१२, अशी निघाली.

आमचे धाकटे काका तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांस हें कळवितांच ते म्हणाले, “अरे, या शांतीला जोडीनें बसतात. अक्का एकटी बसणार ? आणि लोक काय म्हणतील ?” आम्हीं उत्तर दिलें, “काका, मोजायचे आहेत ते चंद्र. आकाशांतला चंद्र तिलाही तेवढाच दिसला ना ?” ते कांहीं बोलले नाहींत. पण खरा नकार आला तो आत्याकडूनच. ती म्हणाली, “माझें काय साजरें करायचें आहे रे ? मी काय केलें आहे ? इतकीं वर्षें आंत काढलीं, मला आंतच बरें वाटतें.”

तिथीची खात्री करावी म्हणून आम्ही जुनीं पंचांगें पाहूं लागलों. आत्याच्या ट्रंकेंत त्यांचा एक गठ्ठा सुतळीनें बांधून ठेविलेला होता. दर वर्षीं पाडव्याला नवें पंचांग आलें कीं जुनें ती आपल्याजवळ ठेवून घेई. रद्दीस देत नसे. तीं उघडलीं, तों जागोजाग समासांत पेन्सिलीनें लिहिलेलें. “वहिनी एकटी एस. टी. नें साताऱ्यास जाऊन आली.” “दादाचा ताप उतरला.” “बाळ आज उंबरा ओलांडून गेला.” बाळ म्हणजे आम्ही. “बाळानें गणपतीचें स्तोत्र न चुकतां म्हटलें.” कोणाचा पहिला दांत, कोणाची पहिली सही, कोणी पोहावयास शिकलें, कोणी नापास होऊन दोन दिवस जेवलें नाहीं व तिसऱ्या दिवशीं जेवलें. ज्या घरांत कोणीही रोजनिशी ठेविली नव्हती, त्या घराचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास त्या समासांत होता. काका शेजारींच बसले होते. १९५५ सालच्या पंचांगांत त्यांस आपली ओळ सांपडली : “धाकट्यानें इंटरचा फॉर्म तिसऱ्यांदा भरला.” काकांनीं चष्मा काढून पुसला, पुन्हां लाविला, व ती ओळ आम्हांस वाचून दाखविली. पास झालों त्या दिवसाचें सर्वांनीं लक्षांत ठेविलें, ते म्हणाले, पण हें कोणाला माहीत होतें असें मला वाटलेंच नव्हतें.

मग १९५८ सालचें पंचांग हातीं आलें. ज्येष्ठांत आमचा पहिला वाढदिवस. त्या तिथीपुढें लिहिलें होतें : “बाळाचा वाढदिवस. पंचवीस पानें उठलीं.” आणि त्याखालीं, अधिक बारीक अक्षरांत : “मी फायनल पास.”

फायनल म्हणजे तेव्हांची सातवीची परीक्षा. ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाची वाट मोकळी होई. आत्यानें ती कधीं दिली, अभ्यास कोणत्या वेळीं केला, याची आम्हांस गंधवार्ता नव्हती, काकांसही नव्हती. आम्हीं तिला विचारलें, “आत्या, कोणाला सांगितलें कां नाहींस ?” ती हंसून म्हणाली, “सांगणार होतें रे. पण त्या दिवशीं लाडू वळायचे होते. रात्रीं दादाला म्हटलें, तो म्हणाला, बरें झालें. तेवढ्यांत तूं रडायला लागलास.”

ज्या शांतपणें तिनें हें सांगितलें, तो शांतपणा आम्हांस त्या रात्रीं झोंप लागूं देईना. आमच्याच वाढदिवसाच्या लाडवांखालीं तिचा निकाल दबून गेला होता, आणि आम्ही जन्मभर मास्तर म्हणून मिरविलों !

नारळी पौर्णिमेस पाट काकांनीं स्वतः मांडला. भोंवतीं रांगोळी आमच्या सुनेनें काढिली. आत्या बाहेरच्या खोलींत येऊन त्यावर बसली. पदर दोनदोनदां सारखा करीत होती. औक्षण सर्वांनीं केलें, आम्हीं पुरुषांनींही. त्यानंतर पेढ्यांचे दोन पुडे फोडले. एक हजार चंद्रांचा. दुसरा फायनलचा; तो चौपन्न वर्षांनीं वांटला जात होता, व तो तिनें स्वतः वांटावा असा आम्हीं आग्रह धरिला. प्रथम ती लाजली. मग काठी टेकीत आळींतल्या घराघरांत गेली आणि प्रत्येक दारांत सांगूं लागली, “घ्या, मी पास झालें.” लोकांस अर्थ कळेना, पण पेढा घेऊन सर्वांनीं अभिनंदन केलें. २०१६ सालीं आत्या गेली. तिच्या मागें राहिलेल्या मोजक्या वस्तूंत ते पंचांगांचे गठ्ठे आमच्याकडे आले.

यावरून आम्हांस जें कळलें तें असें. घरांतील प्रसंग साजरा करणें म्हणजे मुख्यतः पाहणें होय. जेवणावळ ही पुढची गोष्ट. औक्षणास लागतें काय ? एक निरांजन, एक सुपारी, एक अंगठी, चार अक्षता, चिमूटभर साखर. कोणत्याही घरास हें न परवडण्याजोगें नाहीं. महाग आहे तें निराळेंच : आज या माणसानें कांहीं तरी केलें, हें त्याच दिवशीं ध्यानांत येणें.

म्हणून आमच्या घरीं आम्हीं दोन-तीन रीती घातल्या आहेत, त्या सुचवितों. पहिली अशी कीं, ज्याचें औक्षण असेल त्याच्या शेजारीं एक दुसरा पाट मांडावयाचा, व त्यावर ज्याच्या श्रमानें तें यश आलें त्यास बसवावयाचें. मुलाच्या निकालाच्या दिवशीं पहाटें उठणारी आई, वही तपासणारी बहीण, डबा करणाऱ्या बाई, कोणीही असो. त्या माणसाचें सौभाग्य, वय, नातें यांची चौकशी करावयाची नाहीं. दुसरी रीत अशी कीं, गुणपत्रिकेवर न येणाऱ्या गोष्टींसही साखर मिळावी. सुनेनें नव्या नोकरीचा पहिला महिना पुरा केला, आजोबांनीं डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर पहिलें पान वाचलें, भांडलेले दोघे भाऊ एकमेकांच्या घरीं जेवले, हे प्रसंग लहान नव्हेत. तिसरी रीत वहीची. आत्याच्या समासांची परंपरा तुटूं नये म्हणून देवघराशेजारीं एक वही ठेविली आहे. तींत घरांतील कोणीही, दुसऱ्या कोणाविषयीं, एक ओळ लिहावी. स्वतःविषयीं लिहिण्यास बंदी नाहीं. आत्यानें लिहिलें, त्याप्रमाणें क्वचित् लिहावें.

गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या नातीस शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत यश आलें नाहीं. ती दिवसभर कोणाशीं बोलली नाहीं. रात्रीं आम्हीं तिला महर्षि कर्व्यांच्या त्या पायवाटेची गोष्ट सांगितली. तिनें ती ऐकून घेतली, पण मुद्रा पालटली नाहीं. मुलांस आपलें दुःख आपलें वाटतें, थोरांचें नव्हे. सकाळीं तिच्या थोरल्या भावानें, ज्याला त्याच परीक्षेंत पूर्वीं यश मिळालें होतें, वहींत लिहिलें, “चिऊनें गणिताचा पेपर पुरा सोडविला. मागच्या वर्षीं तिला अर्धाही येत नव्हता.” आमच्या पत्नीनें तें वाचून पाट मांडला. नात आढेवेढे घेत बसली. आणि दुसऱ्या पाटावर तिनें आपण होऊन भावाला ओढून बसविलें.

वाचकांच्या घरींही एखादी आत्या, मावशी, काकू किंवा न बोलणारा भाऊ असेल. त्यांच्या ट्रंका उघडण्याची वाट पाहूं नये. आज संध्याकाळीं दिवेलागणीस, त्यांनीं यंदा काय केलें, एवढें विचारून पाहावें. ऐकून घेतल्यावर पाट मांडावा कीं नाहीं, हें मग कोणास सांगावें लागणार नाहीं.